सुरमईच्या पराचा एक तुकडा जपून ठेवा

कोकणातल्या आणि गोव्यातल्या मत्स्य महाविद्यालयांना, सागरी जीवशास्त्र शिकवणाऱ्या विभागांना, आणि मासळी उतरते त्या बंदरांवर वही घेऊन उभ्या राहणाऱ्या सगळ्या सरकारी-बिनसरकारी लोकांना,

नमस्कार.

मी मालवणची. बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर होते, त्यामुळे घरात मासा हा विषय जेवणाच्या आधीही आणि नंतरही. गेली काही वर्षं मी पूर्व भूमध्य समुद्राच्या काठावरच्या एका लॅबमध्ये काम करते. काम सांगायला सोपं आहे, माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, त्यातला डीएनए काढायचा आणि हा मासा कुठल्या समुद्रातून आला, एकटादुकटा आला की झुंडीने, एकदाच आला की अजून येतोय, हे शोधायचं. पत्र लांब होणार आहे पण शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे आणि ते तुमच्याशिवाय कुणी पुरं करू शकत नाही.

इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात मासळीबाजारात गेले आणि समोर बर्फावर सुरमई. तीच ती, अंगावर आडवे पट्टे, तोच निमुळता शेपटाचा दांडा. मी फोटो काढून घरी पाठवला तर बाबांचा लगेच फोन, "गो बाय, ही इसवण थंय खयसून पावली?" (इसवण म्हणजे सुरमईच, ती तिथे कुठून पोचली?) मी म्हटलं बाबा, सुवेझ कालव्यातून. तर त्यांना वाटलं बर्फात घालून जहाजातून आणली. नाही हो, पोहत आली, आणि आता इथेच पिल्लं घालते. ही गोष्ट आजकालची पण नाही. १९३५ साली जेम्स हॉर्नेल यांनी पॅलेस्टाइनच्या मासेमारीवर रिपोर्ट लिहिला त्यात तिची तिथली पहिली नोंद आहे. हॉर्नेल म्हणजे तेच, जे आधी मद्रास इलाख्याच्या मत्स्य खात्याचे प्रमुख होते, म्हणजे ज्या माणसाने आपल्या देशात सुरमई बघितलेली होती त्यालाच ती भूमध्य समुद्रात पण भेटली. बांगड्याची पण नोंद आहे, १९७० च्या आसपास इस्रायलच्या किनाऱ्यावरून, पण बांगडा तिथे सुरमईसारखा रुजला नाही. एक रुजला, दुसरा नाही, असं का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय.

थोडं मागे जाऊन सांगते. तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र जोडणारा सुवेझ कालवा १७ नोव्हेंबर १८६९ ला उघडला. पनामा कालव्यात मध्ये गोड्या पाण्याचा मोठा तलाव आहे आणि जहाज वर चढवायला-उतरवायला दरवाजे आहेत, त्यामुळे खाऱ्या पाण्यातल्या माशाला तिथून पलीकडे जाणं अवघड. सुवेझला असं काहीच नाही, एका समुद्राचं पाणी सरळ दुसऱ्या समुद्रात. सुरुवातीची बरीच वर्षं एक नैसर्गिक अडसर होता, वाटेत बिटर लेक्स म्हणून तळी लागतात त्यांच्या तळाशी मिठाचा जाड थर होता आणि पाणी इतकं खारट की बऱ्याच जीवांना पार करणं जमत नसे. तो थर हळूहळू विरघळला. कालव्याच्या भूमध्य समुद्राकडच्या तोंडाशी नाईलचं गोडं पाणी यायचं तो दुसरा अडसर, तो आस्वानच्या मोठ्या धरणानंतर जवळजवळ संपला. कालवा पण दर काही वर्षांनी रुंद आणि खोल होत गेला, २०१५ मध्ये तर ७२ किलोमीटरच्या पट्ट्यात नवा मार्ग आणि खोलीकरण झालं. बेला गालील आणि इतर बऱ्याच शास्त्रज्ञांनी त्या वेळी जाहीरपणे लिहिलं होतं की हे काम करताना जीवांच्या स्थलांतराचा विचार करा, पर्यावरणावरच्या परिणामांची नीट तपासणी करा. तांबड्या समुद्रातून आलेल्या माशांच्या जाती आज तिथे शंभराच्या वर गेल्यात. या येणाऱ्यांना लेसेप्सियन म्हणतात, कालवा काढणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्सच्या नावावरून.

आता जेनेटिक्सकडे येते, आणि ते मला माझ्या भाषेतच सांगू द्या.

आपल्याकडे पोर्तुगिजांच्या काळात गोव्यातून किती घराणी उठून बाहेर पडली. कुणी वेंगुर्ल्याला आलं, कुणी रत्नागिरीकडे, कुणी पार कारवार-मंगळूरला. आज तीनचारशे वर्षांनी पण त्यांचं कुलदैवत विचारलं की कळतं मूळ गाव कुठलं, मंगेशी की शांतादुर्गा की म्हाळसा. आणि अजून एक गोष्ट कळते. एखाद्या वाडीत फक्त दोनच कुलदैवतं आणि दोनच आडनावं असतील तर समजायचं की ती वाडी दोन घरांनी वसवली. वीस आडनावं असतील तर येणारे पुष्कळ होते, किंवा वर्षानुवर्षं येत राहिले. माशांमध्ये आम्ही हेच मोजतो. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा छोटा वेगळा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून पोरांना मिळतो, म्हणजे आडनावासारखाच पण आईच्या बाजूचा. त्याच्या एका एका प्रकाराला हॅप्लोटाइप म्हणतात. मूळ समुद्रात समजा चाळीस हॅप्लोटाइप आहेत आणि नव्या समुद्रात दोनच सापडले तर थोड्याच माद्यांनी ते गाव वसवलं. याला फाउंडर इफेक्ट म्हणतात, आणि संख्या अशी अचानक आक्रसते त्याला बॉटलनेक, बाटलीची मान. बाटली भरलेली असली तरी मानेतून एका वेळी जाणार किती.

पुस्तकात असं शिकवतात की बॉटलनेक झाला की जनुकांची विविधता कमी, मग नव्या परिस्थितीशी जुळवून घ्यायची ताकद कमी, मग तो गट तगणं अवघड. मी पण एमएस्सीला हेच पाठ केलं होतं. भूमध्य समुद्राने मला दाखवलं की गोष्ट इतकी सरळ नाहीये.

पहिलं उदाहरण सिगानस रिव्ह्युलाटस, समुद्री शेवाळ खाणारा रॅबिटफिश. १९२० च्या दशकात तो भूमध्य समुद्रात आल्याची नोंद आहे आणि आज पूर्वेकडच्या कितीतरी खडकांवर याने आणि याच्या भावाने, सिगानस ल्युरिडसने, शेवाळ खरडून खडक उघडे केलेत, पाण्याखाली गेलं की जंगलतोड झालेल्या डोंगरासारखं दिसतं. या माशाचा डीएनए तांबड्या समुद्रातल्या माशांशी ताडून बघितला तर विविधता फारशी कमी झालेलीच नाही. बाटलीची मान सापडतच नाही. याचा अर्थ दोनचार मासे चुकून आले असं झालेलं नाही, मोठ्या संख्येने आले आणि बहुतेक पुन्हा पुन्हा येत राहिले. बऱ्याच लेसेप्सियन माशांचं चित्र असंच निघालं.

मग आला फिस्टुलारिया कॉमर्सोनाय, लांब नळीसारख्या तोंडाचा, मीटरभराहून मोठा होणारा मासा. २००० साली इस्रायलच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा सापडला आणि सात वर्षांत पार स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यापर्यंत पोचला, अख्खा समुद्र आडवा ओलांडला. याला इथले लोक लेसेप्सियन स्प्रिंटर म्हणतात. हिब्रू युनिव्हर्सिटीचे डॅनियल गोलानी, कॅलिफोर्नियातले जाकोमो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला, २००७ साली छापलं, आणि भूमध्य समुद्रात हॅप्लोटाइप निघाले फक्त दोन. म्हणजे जो सगळ्यात जोरात पसरला त्याच्याच मागे सगळ्यात बारीक मान. पुस्तकातलं बरोबर उलटं झालं की नाही?

मला हे पहिल्यांदा वाचल्यावर रात्री झोप लागली नव्हती, खरंच. म्हणजे विविधता नसेल तर गट टिकत नाही हा नियम सरसकट नाही. एक मादी लाखो अंडी घालते, अंडी-पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जातात, समोर शत्रू ओळखीचे नाहीत आणि भक्ष्य पण यांना ओळखत नाही, अशा वेळी दोन घरांनी वसवलेली वाडी सुद्धा बघता बघता शहर होते. नंतर २०१६ मध्ये याच माशाच्या जीनोमच्या, म्हणजे सगळ्या डीएनएच्या, हजारो जागा एकत्र तपासल्या गेल्या तेव्हा काही जागांवर नैसर्गिक निवडीच्या दबावाच्या खुणा दिसल्या, म्हणजे इतक्या थोड्या काळात, इतक्या थोड्या भांडवलावर सुद्धा हा मासा नव्या पाण्याप्रमाणे बदलत असावा. नुसतं आईकडचं आडनाव बघून थांबलं असतं तर हे कधीच कळलं नसतं.

आता लायनफिश. अंगावर तपकिरी-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पर, आणि काट्यात विष. याच्या दोन स्वाऱ्या झाल्या, दोन वेगळ्या समुद्रात, आणि दोन्हींचं मूळ डीएनएने वेगवेगळं दाखवलं. अटलांटिकमध्ये हा १९८५ साली फ्लोरिडाच्या डानिया बीचला पहिल्यांदा दिसला. खूप वर्षं एक गोष्ट फिरत होती की १९९२ च्या अँड्र्यू वादळात शोभेच्या माशांची एक टाकी फुटली आणि सहा मासे समुद्रात गेले, तिथून सगळं सुरू झालं. गोष्ट ऐकायला चांगली आहे पण वादळाच्या सात वर्षं आधीच मासा समुद्रात होता. शौकिनांनी घरच्या टाकीतून सोडलेले मासे हेच मूळ असावं, आणि डीएनए पण तसंच बोलतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आणि बर्म्युडाला नऊ हॅप्लोटाइप, कॅरिबियनमध्ये चार, मेक्सिकोच्या आखातात तीन. बघा कसं पायरी पायरीने उतरत गेलंय, जसजसा मासा पुढे सरकला तसतशी घरं गळत गेली. या आकड्यांवरून आक्रमणाची दिशा वाचता येते. २०१४ मध्ये ब्राझीलला एक सापडला तर त्याचा डीएनए कॅरिबियनच्या माशांशी जुळला. फ्लोरिडाने २०१४ पासून जिवंत लायनफिश आयात करायला बंदी घातली, म्हणजे आजार टाकीतून आला तर औषध टाकीवर. पण तोपर्यंत एक एक मादी वर्षाला वीस लाखांच्या घरात अंडी घालत होती, उशीर झाला होता.

भूमध्य समुद्रात लायनफिश १९९१ ला इस्रायलजवळ एक सापडला, मग वीस वर्षं शांतता. २०१२ ला लेबनॉनमधून नोंद आली आणि त्यानंतर दोनचार वर्षांत सायप्रस, तुर्कस्तान, ग्रीस करत इटली-ट्युनिशियापर्यंत. इथे पण शंका होती की टाकीतून सुटलेत का. लेबनॉनमधल्या माशांचा डीएनए २०१७ साली छापला गेला, तो तांबड्या समुद्रातल्या माशांशी जुळला. म्हणजे इथे दुकानांवर बंदी घालून काहीच होणार नव्हतं, वाट कालव्याची आहे.

मी हे सगळं इतक्या तपशिलात का सांगतेय? कारण पैसा कुठे घालायचा ते यावरून ठरतं. सायप्रसमध्ये पाणबुड्यांना बोलावून लायनफिश मारायचे कार्यक्रम होतात, युरोपियन युनियनने २०१७ पासून त्यासाठी एक मोठा प्रोजेक्ट पण चालवला. चांगलं काम आहे, मी स्वतः जाऊन आलेय, ठरावीक खडक त्याने साफ राहतात. पण ज्या जातीचा डीएनए सांगतो की मागून भर पडतच राहते तिथे नुसतं मारत बसणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. तिथे कालव्यातच खारट पाण्याचा अडसर किंवा दरवाजे करा असं म्हणणारे शास्त्रज्ञ माझ्या मते बरोबर आहेत. आणि जिथे डीएनए सांगतो की दोन घरांनी वसवलंय तिथे पहिल्या वर्षी, पहिल्या दहा माशांच्या वेळीच धावलो असतो तर कदाचित थांबवता आलं असतं. कोणती परिस्थिती आहे ते डोळ्यांनी दिसत नाही, दोन्हीकडे मासा सारखाच दिसतो.

कधी कधी तर मासा कुठला तेच डोळ्यांना कळत नाही. ॲथेरिनोमोरस म्हणून एक छोटा चंदेरी मासा आहे, तो १९०२ पासून भूमध्य समुद्रात नोंदलेला. शंभर वर्षं सगळे त्याला एकाच जातीचा समजत होते, हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंत तीच जात. डीएनए तपासल्यावर कळलं की त्या एका नावाखाली वेगवेगळे वंश लपलेत. म्हणजे तुम्ही ज्याला मूळ गाव समजून नमुने घ्याल ते मूळ गावच नसेल, आणि मग सगळी तुलनाच चुकली.

इथपर्यंत वाचलंत तर आता मुद्दा. वर मी जिथे जिथे "जुळला" असं लिहिलंय ना, तिथे जुळवायला पलीकडच्या बाजूचे मासे हातात होते म्हणून ते लिहिता आलं. वाडीची आडनावं मोजून उपयोग नाही, मूळ गावात किती आडनावं होती ते माहीत पाहिजे, नाहीतर दोन म्हणजे कमी की जास्त हे ठरवणार कशावरून? आणि हिंदी महासागर म्हणजे नुसता तांबडा समुद्र नाही. सुरमई तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंत आणि पुढे पार ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. लायनफिश, केंड (म्हणजे पफरफिश), रॅबिटफिश, सगळ्यांची नातीगोती आपल्या बाजूला आहेत. पण मी जे पेपर रोज वाचते त्यांच्या नकाशावर तांबड्या समुद्रात ठिपके असतात, कधी ओमानला असतात, मग एकदम इंडोनेशिया नाहीतर ऑस्ट्रेलिया. मधला आपला किनारा कोरा. तो कोरा पट्टा बघून मला दर वेळी वाईट वाटतं, कारण मला माहीत आहे तिथे रोज संध्याकाळी लिलाव होतो, टोपल्या भरून मासे असतात, आणि एका तुकड्याला दोन मिनिटं लागतात.

काम झालंच नाही असं मी म्हणत नाही. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या लोकांनी २०११ मध्ये भारतातल्या शंभराहून जास्त सागरी माशांचे डीएनए बारकोड छापले, मोठं काम आहे, आम्ही रोज वापरतो. पण बारकोड म्हणजे आधार कार्ड, हा मासा कोण ते सांगतं, आणि त्याला एका जातीचे मोजकेच मासे पुरतात. मी मागतेय ती वंशावळ आहे, एका जातीचे एका ठिकाणचे तीसचाळीस मासे, मग दुसऱ्या बंदरावरचे तीसचाळीस, मग पाच वर्षांनी परत. डहाणू ते कारवार.

एक आठवण सांगते. मी जिथे शिकले तिथे (नाव लिहीत नाही) जुन्या माशांचं फार सुंदर कपाट होतं, तीस वर्षांचे मासे, सरांनी आणि मुलांनी जमवलेले, काही आता किनाऱ्यावर क्वचितच दिसतात असे. सगळे फॉर्मालिनमध्ये. फॉर्मालिनने मासा दिसायला छान राहतो पण डीएनएचे तुकडे होतात आणि ते प्रोटीनला असे चिकटतात की बाहेर काढणं मुश्किल. मी दोन वर्षांपूर्वी सुट्टीत जाऊन परवानगी घेऊन काही नमुन्यांवर प्रयत्न केला, त्यांनी मनापासून मदत केली, काहीही निघालं नाही. आणि अर्ध्या बाटल्यांवरची लेबलं, शाईने लिहिलेली, पुसट होऊन गेलेली, कुठला मासा कधीचा ते कळेना. मी त्या कपाटासमोर उभी राहून रडले. ज्यांनी ते जमवलं त्यांचा काही दोष नाही, तेव्हा असंच शिकवायचे. पण आज आपल्याला माहीत आहे, आणि आज पण बऱ्याच ठिकाणी मासा आला की पहिला हात फॉर्मालिनच्या कॅनकडेच जातो.

तर मागणं असं. बंदरावर मोजणीला, प्रॅक्टिकलला, थिसिसला, जिथे कुठे तुम्ही मासा हातात घेता तिथे मासा फॉर्मालिनमध्ये टाकण्याआधी पराचा एक छोटा तुकडा कापा आणि छोट्या ट्यूबमध्ये ९५ टक्के अल्कोहोलमध्ये टाका. तुकडा लहान, अल्कोहोल भरपूर, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी ते अल्कोहोल बदला कारण माशातलं पाणी त्यात उतरतं. दोन माशांच्या मध्ये कात्री पुसून जाळावर धरा नाहीतर एकाचा डीएनए दुसऱ्यात. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, अल्कोहोल शाई खातं, आणि चिठ्ठी ट्यूबच्या आत पण टाका. तारीख, बंदर, होडी कुठल्या बाजूला गेली होती, किती वाव पाण्यात, कुठलं जाळं. बाजारात विकत घेतलेला मासा नको, तो कुठल्या ट्रकमधून कुठून आला कळत नाही, होडीवरून उतरलेलाच पाहिजे. एक फोटो, शेजारी पट्टी ठेवून. फ्रीजर असेल तर उत्तम, नसेल तर थंड अंधाऱ्या कपाटात पण अल्कोहोलमधला तुकडा वर्षानुवर्षं कामाचा राहतो. सीक्वेन्सिंगचे, म्हणजे डीएनए अक्षर अक्षर वाचून घ्यायचे, पैसे आज नसतील, नसू देत. दहा वर्षांनी सीक्वेन्सिंग अजून स्वस्त होईल पण २०२० च्या दशकातली मालवणची सुरमई तेव्हा कुठल्याच दुकानात मिळणार नाही.

सुरुवात सुरमईने करा, कारण ती रोज येते आणि तिची गोष्ट मी वर सांगितली. मग केंड. भूमध्य समुद्रात लागोसेफालस स्केलेराटस नावाचा केंड २००३ ला तुर्कस्तानच्या गोकोवा आखातात पहिल्यांदा नोंदला गेला आणि आता इथले मच्छीमार त्याच्यामुळे हैराण आहेत, दातांनी जाळी तोडतो, लागलेला मासा कुरतडतो, आणि खाल्ला तर त्यातल्या टेट्रोडोटॉक्सिन नावाच्या विषाने माणूस मरू शकतो. तुर्कस्तान आणि सायप्रसला सरकार तो पकडून देणाऱ्याला पैसे देतं. इथल्या मच्छीमारांना ऐकताना मला बाबाच बोलतायत असं वाटतं, केंडांनी जाळी फाडली ही तक्रार मालवणात पण आहेच. आपल्याकडचे केंड नेमके कोणत्या जातींचे, एकच कळप किनाऱ्याने वरखाली फिरतो की वेगवेगळे, हे कळलं तर ते आपल्या मच्छीमाराच्या पण कामाचं आहे, नुसतं परदेशातल्या पेपरसाठी नाही.

तुम्ही म्हणाल नमुने बाहेर पाठवायला जैवविविधता कायद्याची परवानगी लागते. लागते, आणि लागायलाच पाहिजे. मी नमुने मागत नाहीये. तुकडे तुमच्याकडेच राहू देत, डीएनए तुमच्याच मुलांनी काढू दे, पेपरवर पहिलं नाव त्यांचंच येऊ दे. फक्त ते असू देत, आणि कुठे काय आहे याची यादी कुणालाही बघता येईल अशी ठेवा.

आणि हा प्रवास एका दिशेचा नाही. आपल्या बंदरात जगभरची जहाजं बॅलास्टचं पाणी, म्हणजे तोल राखायला टाक्यांत भरलेलं पाणी, घेऊन येतात आणि त्यातून परके जीव पण येतात, त्यावरचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, लागू झाला २०१७ ला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत यासाठी जगातली सहा बंदरं नमुना म्हणून निवडली होती त्यात मुंबई होती. म्हणजे धोका ओळखणाऱ्यांच्या पहिल्या यादीत आपण होतो. उद्या आपल्या खाडीत परका मासा दिसला तर तो खरंच परका आहे की इथलाच, आजपर्यंत कुणी नीट न बघितलेला, हे सांगायला जुना नमुना लागेल.

मुंबईवरून एक राहिलंच. ओमोब्रँकस पंक्टाटस नावाचा बोटभर लांबीचा मासा आहे, खडकांच्या कपारीत, शिंपल्यांच्या रिकाम्या घरात राहतो. १८३६ साली व्हॅलेन्सिएन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते मुंबईच्या नमुन्यावरून. १९३० ला हाच मासा कॅरिबियनमधल्या त्रिनिदादला सापडला, पुढे ब्राझीलपर्यंत गेला. तो तिथे कसा पोचला? संशोधकांनी एक अंदाज मांडलाय की हिंदुस्थानातून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेल्या, मजुरांना त्रिनिदादला घेऊन जाणाऱ्या जहाजांच्या बुडाला चिकटलेल्या शंख-शिंपल्यांमध्ये लपून. म्हणजे घरदार सोडून लांब निघालेल्या त्या माणसांच्या पायाखाली, लाकडाच्या पलीकडे, हा मासा पण निघाला असेल. खरं आहे का? तपासता येईल, त्रिनिदादचा मासा आणि आपल्या बाजूचा मासा शेजारी ठेवून. कुलाब्याच्या नाहीतर बँडस्टँडच्या खडकात ओहोटीला जाऊन कुणीतरी तीस मासे शोधायचेत, एवढंच.

नारळी पौर्णिमेला मी मालवणात असेन आणि पुढे तीन आठवडे तिथेच आहे. पाचशे ट्यूब, कात्र्या आणि पेन्सिली घेऊन येतेय, अल्कोहोलची सोय तिथल्या एका कॉलेजने करतो म्हटलंय. होड्या पुन्हा समुद्रात जायला लागल्या की रोज लिलावाच्या वेळी बंदरावर उभी असेन. बाबांनी ओळखीच्या तांडेलांना, होडीच्या म्होरक्यांना, आधीच सांगून ठेवलंय की माझी पोर येऊन माशाचा पर कापणार आहे, भाव कमी करू नका. तुमच्या एसवाय-टीवायच्या मुलांना पाठवा, मी शिकवते, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि येताना त्यांच्याजवळ एक रिकामा डबा द्या, अर्ध्या ट्यूब ते तुमच्याकडे घेऊन जातील.

तुमची,
मालवणची एक मुलगी, सध्या मुक्काम भूमध्य समुद्राकाठी